पोटदुखीवर सप्लिमेंट घ्यायचंय? मग हा क्रम मोडू नका

पोट वारंवार दुखतं म्हणून एकाच आठवड्यात प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची कॅप्सूल), मॅग्नेशियम आणि हळदीची कॅप्सूल सुरू केलेली माणसं मला नेहमी भेटतात. महिन्याभराने त्यांतल्या कुणाला बरं वाटत असतं, कुणाचं दुखणं वाढलेलं असतं, पण कशामुळे ते कुणालाच सांगता येत नाही. बरं वाटलेला माणूस मग तिन्ही डब्या वर्षानुवर्षं चालू ठेवतो. त्रास झालेला तिन्ही फेकून देतो, त्यांतली एखादी त्याच्या कामाची असली तरी.

चुकतो तो बहुतेक वेळा क्रम. खालचे टप्पे त्यासाठीच आहेत. हे सगळं प्रौढांसाठी आहे. लहान मुलं, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये.

टप्पा १: हे दुखणं घरी हाताळण्याजोगं आहे का?

सप्लिमेंटचा विचार करायचा तो फक्त जुन्या, येत-जात राहणाऱ्या, ओळखीच्या झालेल्या दुखण्यासाठी. पुढचं काहीही असेल तर लगेच रुग्णालय गाठा:

- अचानक उठलेली असह्य कळ, किंवा हात लावू न देणारं, फळीसारखं कडक पोट
- बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं (अपेंडिक्सची ही नेहमीची चाल)
- रक्ताची उलटी, शौचातून रक्त, किंवा डांबरासारखी काळी चिकट शौच
- न थांबणाऱ्या उलट्या; पोट फुगलंय, पण वायूही सरत नाही आणि शौचही होत नाही
- दुखण्याबरोबर ताप किंवा कावीळ, किंवा गरोदर असण्याची शक्यता
- पोटाच्या वरच्या भागात दाब आणि सोबत घाम, धाप. हृदयविकाराचा झटका 'अ‍ॅसिडिटी आहे' म्हणत अंगावर काढणारे कमी नाहीत.

दुसरा गट इतका घाईचा नसतो, पण तिथेही आधी डॉक्टर आणि मग सप्लिमेंट. प्रयत्न न करता वजन उतरणं, गिळताना अडकणं, रक्तक्षय, झोपेतून उठवणारं दुखणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, जवळच्या नात्यात आतड्याचा किंवा अंडाशयाचा कर्करोग, क्रोन्स (पचनमार्गाची जुनाट सूज) किंवा गव्हातल्या ग्लुटेन प्रथिनाने आतड्याला इजा होणारा सिलिअ‍ॅक आजार. पन्नाशी ओलांडलेल्या बाईचं पोट पहिल्यांदाच सतत फुगू लागलं तर पोटाइतकाच अंडाशयाचाही विचार व्हायला हवा, आणि तो घरबसल्या होत नाही.

सावधान: लोहाच्या गोळ्या, बिस्मथ (पोटाच्या काही औषधांतला घटक) आणि कोळशाच्या कॅप्सूल यांनीही शौच काळी होते. पण 'लोहामुळेच असेल' हा निर्णय आपण घ्यायचा नाही, डॉक्टरांना घेऊ द्यायचा.

आणखी एक चूक इथेच होते. गव्हाने त्रास होतो असं वाटून लोक आधी गहू बंद करतात आणि मग सिलिअ‍ॅकची रक्ततपासणी करून घेतात. ग्लुटेन पोटात जात नसेल तर ही तपासणी खोटी 'ठीक' येऊ शकते. तपासणी आधी, पथ्य नंतर.

टप्पा २: दोन आठवडे वही भरा, काहीही नवीन घेऊ नका

हा टप्पा सगळे गाळतात, आणि तो गाळला की पुढच्या कुठल्याही टप्प्याला अर्थ उरत नाही. दोन आठवडे रोज एक ओळ पुरते. दुखणं कुठे, किती वाजता, ० ते १० मध्ये किती, जेवणाआधी की नंतर, शौचानंतर कमी झालं की नाही. शौच कशी होती ते ब्रिस्टल तक्त्यातल्या १ ते ७ आकड्यांत लिहा: १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ४ म्हणजे मऊ आणि नीट, ७ म्हणजे निव्वळ पाणी. सोबत पाळीचे दिवस, झोप, आणि त्या दिवशी घेतलेली प्रत्येक गोळी. डोकेदुखीची गोळीसुद्धा लिहा, कारण आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांनी जठराला व्रण पडू शकतात आणि लोक त्यांना औषधात धरतच नाहीत.

दोन आठवड्यांनी वहीत एक आकार दिसू लागतो. दुखणं शौचाशी बांधलेलं असेल, शौचाची वेळ किंवा रूप बदलत असेल, आठवड्यातून निदान एक दिवस असं होत असेल आणि महिनोन्महिने चालू असेल, तर ते आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोमच्या वर्णनाशी जुळतं. थोडं खाल्लं की पोट भरणं, वरच्या भागात जळजळ आणि जडपणा ही वेगळी तक्रार. दुधानंतर तासा-दोन तासांनी गुरगुर आणि कळ ही तिसरी. तिन्हींना 'पोट दुखतं' हेच शब्द आपण वापरतो, आणि उपाय मात्र तिन्हींचे निराळे.

तपासा: चौदा दिवसांच्या वेदनेच्या आकड्यांची सरासरी काढून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा. शेवटी निकाल लावायला हाच आकडा लागणार आहे.

टप्पा ३: घालण्याआधी काढा

नवीन डबी उघडण्याआधी घरातल्या जुन्या डब्या टेबलावर मांडा. पोटदुखीवर सप्लिमेंट शोधत येणाऱ्या कित्येकांचं पोट आधीच्या सप्लिमेंटनेच दुखत असतं.

लोहाने बद्धकोष्ठ, मळमळ आणि कळा येतात. कॅल्शियम कार्बोनेटने वायू आणि बद्धकोष्ठ. मॅग्नेशियमने जुलाब. रिकाम्या पोटी जस्त घेतलं की मळमळ. क जीवनसत्त्व दिवसाला २ ग्रॅमच्या पुढे गेलं की मुरडा आणि पातळ शौच ही ठरलेली. 'पोट साफ' करणाऱ्या गोळ्या आणि चहांत सोनामुखी किंवा कोरफडीचा पिवळा चीक असतो. ही आतड्याला चाबूक मारणारी द्रव्यं आहेत. कळ येणं हा त्यांच्या कामाचाच भाग.

सगळ्यात लबाड असतात ते बाकीचे घटक. चघळायच्या गोळ्या आणि गमी गोड करायला सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, झायलिटॉल वापरतात. प्रोबायोटिकच्या कॅप्सूलमध्ये 'जिवाणूंचं खाद्य' म्हणून इन्युलिन किंवा फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड घातलेलं असतं. लहान आतड्यात हे सगळं नीट शोषलं जात नाही, मोठ्या आतड्यात आंबतं आणि हळव्या पोटात वायू होऊन दुखतं. लोक मग म्हणतात, प्रोबायोटिक मला सोसत नाही. कधीकधी सोसत नसतं ते सोबतचं इन्युलिन.

डॉक्टरांनी लिहून न दिलेलं एकेक दोन आठवडे बंद करून पाहा. लिहून दिलेलं, विशेषतः लोह, स्वतःहून थांबवायचं नाही; वेळ, मात्रा किंवा प्रकार बदलता येईल का ते विचारायचं.

तपासा: इथेच दुखणं निम्म्यावर आलं असेल तर पुढे जायचं कारण नाही.

टप्पा ४: वहीतल्या दुखण्याला जुळणारी एकच वस्तू निवडा

कळा, मुरडा, शौचाशी बांधलेलं दुखणं: पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूल

आयबीएसच्या दुखण्यासाठी दुकानात मिळणाऱ्या वस्तूंत मी हिला पहिला नंबर देईन. तेलातला मेंथॉल आतड्याच्या स्नायूपेशींत कॅल्शियमला जाऊ देत नाही, त्यामुळे आवळलेला स्नायू सैल पडतो. पण त्यासाठी तेल आतड्यापर्यंत पोचायला हवं. म्हणून कॅप्सूल एन्टेरिक-कोटेड, म्हणजे जठरात न विरघळणारी, असावी लागते. नेहमीची मात्रा ०.२ मिलिलिटर तेलाची एक कॅप्सूल, दिवसातून दोन ते तीन वेळा, जेवणाआधी अर्धा ते एक तास.

चुका ठरलेल्या आहेत. पाण्यात तेलाचे थेंब टाकून पिणं. कॅप्सूल जेवणानंतर घेणं. अ‍ॅसिडिटीच्या गोळीबरोबर घेणं. आम्ल कमी झालं की आवरण जठरातच विरघळतं. आणि चावणं. मी एकदा घाईत ती दाताखाली फोडली होती. पुढचे दोन तास छातीत आग आणि प्रत्येक ढेकरेला पुदिन्याचा वास.

सावधान: छातीत जळजळ, आंबट पाणी वर येणं ही मूळ तक्रार असेल तर पेपरमिंट तुमच्यासाठी नाही. अन्ननलिकेच्या तळाची झडप त्याने सैल होते. पित्ताशयात खडे किंवा पित्तनलिकेला सूज असेल तरही टाळा.

दुखणं आणि अनियमित शौच: इसबगोल

इसबगोल पाणी धरून लगदा होतो, त्यामुळे कडक शौच मऊ होते आणि पातळ शौच थोडी बांधली जाते. फायबर चांगलं म्हणून लोक गव्हाचा कोंडा खाऊ लागतात, तिथे घोटाळा होतो. नेदरलँड्समध्ये २७५ आयबीएस रुग्णांना बारा आठवडे रोज १० ग्रॅम इसबगोल, तितकाच कोंडा किंवा परिणामशून्य भुकटी देऊन पाहिली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात इसबगोलाने फायदा दिसला. कोंड्याच्या गटातले मात्र बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून गेले.

सुरुवात दिवसाला ३ ते ४ ग्रॅमने करा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवा. चमच्याचं माप फसवं असतं, कारण अख्खं साल आणि पूड यांचं वजन एकाच चमच्यात वेगवेगळं भरतं. पाकिटावरचे ग्रॅम वाचा किंवा सरळ वजन करा. प्रत्येक मात्रेला पूर्ण पेलाभर पाणी लागतं, आणि मिश्रण घट्ट व्हायच्या आत प्यायचं. पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेऊन तिसऱ्या दिवशी 'मला वायू झाला' म्हणून सोडणारे इतके आहेत, की इसबगोलाचं नाव त्यांच्याच घाईने खराब झालं असावं.

सावधान: कोरडं गिळू नका आणि झोपायच्या तोंडावर घेऊ नका, घशात किंवा आतड्यात अडकू शकतं. गिळायला त्रास होणाऱ्यांनी आणि आतड्यात अडथळा होऊन गेलेल्यांनी अजिबात घेऊ नये.

ठरावीक पदार्थानंतरच दुखणं: एन्झाइम

एन्झाइम म्हणजे अन्न पचवणारी द्रव्यं. दूध हे कारण असेल तर दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारं लॅक्टेज; कडधान्यं आणि कोबीवर्गीय भाज्या असतील तर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज. दोन्ही पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या. दुखायला लागल्यावर घेतलेली गोळी वाया जाते, कारण तिला काम करायचं असतं ते ताटातल्या अन्नावर. युरोपात लॅक्टेजच्या पाकिटावर परिणामाचा दावा करायचा तर प्रत्येक वेळच्या दुग्धाहाराबरोबर किमान ४,५०० एफसीसी युनिट (एन्झाइमची ताकद मोजायचं एकक) देणं बंधनकारक आहे. खरेदीच्या वेळी हा आकडा हाताशी ठेवा. पेलाभर दुधात साधारण १२ ग्रॅम लॅक्टोज असतं आणि लॅक्टोज न पचणारेही पुष्कळ जण एका वेळी तेवढं सोसतात. म्हणजे गोळीऐवजी पेला लहान करूनही भागेल.

सावधान: दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी वेगळी. तिथे लॅक्टेजचा उपयोग शून्य आणि धोका पूर्ण. गॅलॅक्टोसेमिया (गॅलॅक्टोज ही साखर शरीराला हाताळता न येण्याचा जन्मजात आजार) असलेल्यांनी अल्फा-गॅलॅक्टोसिडेज टाळावं.

प्रोबायोटिक

जाहिरात सगळ्यात मोठी, खात्री सगळ्यात कमी. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१च्या मार्गदर्शक सूचनांत आयबीएससाठी ती घेऊ नयेत असं सुचवलं. ब्रिटिश संघटनेने त्याच वर्षी फार तर १२ आठवडे वापरून पाहा, फरक नसेल तर थांबा, असं सांगितलं. वापरायचीच असतील तर जिवाणूच्या नावापुढे प्रकाराचा क्रमांकही छापलेली घ्या, उदाहरणार्थ 'लॅक्टोबॅसिलस प्लान्टारम २९९व्ही'. नुसतं 'लॅक्टोबॅसिलस' हे आडनावावरून माणूस शोधण्यासारखं आहे.

मॅग्नेशियम, आलं, हळद

मॅग्नेशियम फक्त बद्धकोष्ठामुळे दुखत असेल तर. ते आतड्यात पाणी ओढून आणतं. सप्लिमेंटमधून दिवसाला ३५० मि.ग्रॅ. ही अमेरिकेत मान्य असलेली वरची मर्यादा. त्यापुढे डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय जाऊ नका, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर सुरूच करू नका.

आल्याची पूड मळमळ आणि जडपणासाठी, दिवसाला सुमारे १ ग्रॅमपर्यंत. छातीत जळजळ होणाऱ्यांना ती झोंबते.

हळदीबद्दल मी हात आखडता घेतो. थायलंडमधल्या २०२३च्या एका अभ्यासात पोटाच्या वरच्या भागातल्या अपचनावर कर्क्युमिन (हळदीतलं मुख्य द्रव्य) आणि ओमेप्राझोल (जठरातलं आम्ल कमी करणारं औषध) यांचा परिणाम जवळपास सारखा दिसला, हे खरं. पण त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या औषध नियंत्रकांनी हळद-कर्क्युमिनच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदींवरून इशारा दिला. जेवणातली हळद आणि शोषण वाढवण्यासाठी मिरीचा अर्क घातलेली कर्क्युमिनची कॅप्सूल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. यकृताची किंवा पित्ताशयाची तक्रार असेल तर ती कॅप्सूल नको. घेताना लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले की त्याच दिवशी बंद करा आणि तपासून घ्या.

तपासा: तुमची वही यांतल्या एकाशीही जुळत नसेल तर काहीही विकत घेऊ नका.

टप्पा ५: डबी फिरवून मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूला विक्री असते, मागच्या बाजूला माल. कॅप्सूलचं एकूण वजन आणि कामाच्या घटकाचं वजन यांत गल्लत करू नका: '५०० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम सायट्रेट' म्हणजे ५०० मि.ग्रॅ. मॅग्नेशियम नव्हे, त्यातलं खरं मॅग्नेशियम बरंच कमी असतं. घटकांची नुसती यादी देऊन प्रत्येकाची मात्रा लपवणारं 'खास मिश्रण' सरळ परत ठेवा. प्रोबायोटिकवर जिवाणूंची संख्या मुदत संपेपर्यंतची लिहिली आहे की तयार झाल्या दिवसाची, हे पाहा. बाकीच्या घटकांत टप्पा ३ मधली नावं दिसली तर दुसरी डबी शोधा. स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासल्याची खूण असेल तर ती आतल्या मालाबद्दल सांगते. त्याने पोट बरं होईल की नाही याबद्दल काही सांगत नाही.

टप्पा ६: चालू औषधांशी अंतर ठरवा

इसबगोल आणि इतर कुठलंही औषध यांत निदान दोन तास ठेवा. मॅग्नेशियम आणि थायरॉइडची गोळी यांत चार तास. टेट्रासायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिकं मॅग्नेशियमला चिकटून निकामी होतात, म्हणून तो कोर्स संपेपर्यंत मॅग्नेशियम बाजूला ठेवणं सोपं. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आलं आणि हळद यांच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांनी इसबगोल सुरू केल्यावर साखरेवर लक्ष ठेवावं, ती थोडी उतरू शकते.

कोळशाच्या कॅप्सूलबद्दल वेगळं सांगतो. वायूसाठी त्या विकल्या जातात, पण कोळसा समोर येईल ते शोषतो. त्यात तुमचं रक्तदाबाचं औषध आणि गर्भनिरोधक गोळीही आली.

सावधान: प्रतिकारशक्ती खालावलेली असेल, केमोथेरपी चालू असेल किंवा मोठ्या शिरेत नळी बसवलेली असेल तर प्रोबायोटिक नको. त्यातले जिवाणू रक्तात शिरून गंभीर संसर्ग होऊ शकतो. शस्त्रक्रिया ठरली असेल तर सर्जनला यादी द्या; बरीच सप्लिमेंटं दोन आठवडे आधी बंद करायला सांगतात.

टप्पा ७: एका वेळी एक, ठरावीक मुदतीसाठी

सुरुवातीचा दिवस साधा निवडा. प्रवास, ताप, नवं पथ्य किंवा पाळीचा आठवडा असेल तर थांबा, नाहीतर वहीतली गडबड सप्लिमेंटच्या नावावर लागेल. जेवणाखाण्यात या काळात मोठे बदल नकोत. वही चालूच ठेवायची.

मुदत आधीच लिहून ठेवा. पेपरमिंटला चार आठवडे. इसबगोलाला पूर्ण मात्रेवर आल्यानंतर चार आठवडे. पहिल्या आठवड्यातला थोडा वायू मोजू नका. प्रोबायोटिकला किमान चार. एन्झाइमला मात्र तेच पदार्थ असलेली चार-पाच जेवणं पुरतात, महिनाभर थांबायचं कारण नाही.

अंगावर पुरळ, ओठ किंवा चेहऱ्याला सूज, किंवा टप्पा १ मधलं एखादं लक्षण दिसलं तर मुदतीची वाट बघायची नाही. गोळी बंद आणि दवाखाना.

टप्पा ८: निकाल लावा, मग मुद्दाम बंद करून पाहा

शेवटच्या दोन आठवड्यांची सरासरी काढा आणि पहिल्या पानावरच्या आकड्याशेजारी लिहा. वेदना निदान ३० टक्के उतरली असेल तर फरक पडला असं धरतात. ६ वरून ४ वर आलात तर ठीक. ६ वरून साडेपाच ही नेहमीची चढउतार.

इथे आनंदाने थांबू नका. आयबीएसच्या चाचण्यांत नुसती परिणामशून्य गोळी घेणाऱ्यांपैकीही जवळपास ४० टक्क्यांपर्यंत लोकांना बरं वाटतं. शिवाय माणूस उपाय शोधतो तेव्हा दुखणं शिखरावर असतं, ते आपोआपही उतरतं. म्हणून दोन आठवडे ते सप्लिमेंट बंद करा. दुखणं परत आलं आणि पुन्हा सुरू केल्यावर परत गेलं, तर वस्तू तुमच्या कामाची. बंद करूनही बरंच राहिलात तर डबी कपाटात.

उपयोगी ठरलेली वस्तूही कमीत कमी मात्रेवर ठेवा आणि दर तीन महिन्यांनी हीच बंद-चालू परीक्षा घ्या. पेपरमिंट तीन महिन्यांच्या पुढे सलग घ्यायचं तर डॉक्टरांना विचारून.

पहिली वस्तू नापास झाली तर ती पूर्ण बंद करून एक आठवडा मोकळा सोडा, आणि टप्पा ४ मधून दुसरी निवडा. जुनी चालू ठेवून नवी तिच्यावर चढवायची नाही. दुसरीही नापास झाली तर तिसरी विकत घेऊ नका, वही घेऊन डॉक्टरांकडे जा. सोबत घेतलेल्या प्रत्येक डबीचे दोन फोटो ठेवा, पुढच्या आणि मागच्या बाजूचे. बहुतेक जण फक्त पुढचा काढून नेतात, आणि त्यात घटकच नसतात.